केमिस्ट्री शून्यापासून: शब्द, फॉर्म्युला, बॅलन्सिंग आणि मग मोल

दहावी मराठी मिडियममधून झालेली आणि अकरावी सायन्सला इंग्लिशमध्ये जाऊन पडलेली मुलं माझ्याकडे दरवर्षी येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच असतं की सर, मॅथ्स कसंबसं होईल पण केमिस्ट्री कळतच नाही, नुसती पाठ करतो. मग मी वही बघतो आणि लक्षात येतं की पोरगं हुशार आहे, मेहनती आहे, फक्त त्याला कुणी हे सांगितलेलंच नाही की केमिस्ट्रीची सुरुवात म्हणजे हिशोब आहे. कणांचा हिशोब. किती कण आले, किती गेले, कोण कुणाला जाऊन चिकटलं. फॉर्म्युला हा हिशोबच, बॅलन्सिंग हा हिशोबच आणि ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते तो मोल तर नुसती मोजायची सोय आहे. हे ज्या दिवशी डोक्यात बसतं त्या दिवसापासून पाठांतर निम्म्यावर येतं, हे मी बऱ्याच मुलांच्या बाबतीत बघितलंय, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतोय. घाई करू नका, एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढू नका.

पहिली पायरी: शब्द नीट करा

ही पायरी लोकांना किरकोळ वाटते पण माझ्या मते निम्मा गोंधळ इथेच होतो. आपली मुलं शाळेत मराठीत शिकतात, घरी येऊन यूट्यूबवर हिंदीतले व्हिडिओ बघतात आणि कॉलेजला इंग्लिश ऐकतात. आता गंमत अशी नाही, अडचण अशी आहे की मराठी आणि हिंदीत तोच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत परमाणु म्हणजे ॲटम आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल! म्हणजे हिंदी सर व्हिडिओत "पानी का एक अणु" म्हणतात तेव्हा ते आपल्या भाषेतल्या रेणूबद्दल बोलत असतात, आणि आपला विद्यार्थी बिचारा अणू समजून लिहून घेतो. पुढे सगळं चुकत जातं आणि त्याला कळतही नाही कुठे चुकलं.

दुसरा असाच शब्द क्षार. आपल्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया झाली की क्षार आणि पाणी तयार होतं, म्हणजे आपला क्षार म्हणजे सॉल्ट. हिंदीत सॉल्टला लवण म्हणतात आणि क्षार म्हणजे अल्कली. अगदी उलटं. तसंच मासला आपण वस्तुमान म्हणतो ते द्रव्यमान म्हणतात, एलिमेंटला आपण मूलद्रव्य म्हणतो ते तत्व म्हणतात, कंपाउंड आपल्याकडे संयुग, त्यांच्याकडे यौगिक. यावर माझा उपाय साधा आहे, वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखा, मराठी, हिंदी, इंग्लिश, आणि नवीन शब्द आला की तिन्ही लिहा. पंचवीस-तीस शब्दांत काम भागतं. दोन आठवड्यांत हे पान बघायची गरज पण राहत नाही.

अर्थ मात्र पक्का पाहिजे. मूलद्रव्य म्हणजे एकाच प्रकारच्या अणूंचं द्रव्य, लोखंड, सोनं, ऑक्सिजन वगैरे, आजपर्यंत अशी ११८ माहीत आहेत. संयुग म्हणजे वेगवेगळे अणू ठरलेल्या प्रमाणात जोडलेले, जसं पाणी, मीठ, साखर. आणि मिश्रण म्हणजे नुसतं एकत्र टाकलेलं, प्रमाण काहीही चालतं. सरबत मिश्रण आहे, साखर कमी-जास्त घाला, सरबतच राहतं. पाण्यात मात्र दोन हायड्रोजनला एक ऑक्सिजन हेच प्रमाण, दोनाला दोन झाले की ते पाणी उरत नाही, ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, जे जखम धुवायला वापरतात. एका अणूच्या फरकाने पदार्थच बदलला. हे "ठरलेलं प्रमाण" लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

चिन्हं

यात फार वेळ घालवायचा नाही. पहिली वीस मूलद्रव्यं क्रमाने आणि वर लोखंड, तांबं, जस्त, चांदी, सोनं, शिसं, पारा, कथील एवढी पाठ करा, हे पाठांतर करावंच लागतं, त्याला शॉर्टकट नाही. मुलं विचारतात की सोडियमचं चिन्ह एस-ओ असं का नाही, एनए कुठून आलं. ते लॅटिन नावावरून आलंय, सोडियम म्हणजे नॅट्रियम, पोटॅशियम म्हणजे कॅलियम म्हणून के, लोखंड फेरम म्हणून एफई, सोनं ऑरम म्हणून एयू. कारण कळलं की चिन्ह विसरत नाही.

एक गोष्ट मात्र जपा. पहिलं अक्षर कॅपिटल आणि दुसरं असेल तर स्मॉल, नेहमी. सी कॅपिटल आणि ओ स्मॉल लिहिलं तर ते कोबाल्ट, एक धातू. दोन्ही कॅपिटल लिहिले तर कार्बन मोनॉक्साइड, एक विषारी वायू. घाईघाईत लिहिणाऱ्या मुलांचे इथे मार्क जातात आणि मला खरंच वाईट वाटतं कारण त्यांना उत्तर येत असतं.

फॉर्म्युला कसा बनवायचा

यासाठी व्हॅलन्सी म्हणजे संयुजा लागते. प्रत्येक अणूला ठरावीक हात आहेत असं समजा. सोडियमला एक, क्लोरीनला एक, ऑक्सिजनला दोन, मॅग्नेशियमला दोन, ॲल्युमिनियमला तीन. कुणाचाही हात रिकामा राहता कामा नये. सोडियम आणि क्लोरीन, एक हात एक हात, जोडी जमली, मीठ तयार. मॅग्नेशियमचे दोन हात आणि क्लोरीनचा एकच, म्हणून दोन क्लोरीन लागतात. ॲल्युमिनियमला तीन, ऑक्सिजनला दोन, आता काय करायचं? सहा हात इकडे आणि सहा तिकडे पाहिजेत, म्हणून दोन ॲल्युमिनियम आणि तीन ऑक्सिजन. सर लोक आकड्यांची तिरकी अदलाबदल शिकवतात ती हीच, पण आधी हात मोजून करा, मग अदलाबदल करा, नाहीतर ती नुसती युक्ती राहते आणि मॅग्नेशियम ऑक्साइडला मुलं दोन मॅग्नेशियम दोन ऑक्सिजन लिहून येतात. तिथे दोनाला दोन म्हणजे एकास एकच.

काही अणूंचे गट एकत्रच फिरतात, त्यांना मूलक म्हणतात. सल्फेट दोन हातांचा, कार्बोनेट दोन, नायट्रेट एक, हायड्रॉक्साइड एक, अमोनियम एक, फॉस्फेट तीन. हे सहा पाठ करा. मूलक एकापेक्षा जास्त लागला तर कंसात घालून बाहेर आकडा. आपला चुना म्हणजे विरी गेलेला चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, कॅल्शियमचे हात दोन म्हणून हायड्रॉक्साइड दोन, पूर्ण ओएच कंसात आणि बाहेर दोन. कंस विसरला की फक्त हायड्रोजन दोन होतात आणि ऑक्सिजन एकच राहतो, हिशोब बिघडला.

बॅलन्सिंग

बॅलन्सिंग म्हणजे समीकरणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक प्रकारच्या अणूंची संख्या सारखी करणं. इथे मी समईचं उदाहरण देतो. आमच्या घरच्या समईत पाच वाती लावतात. म्हणजे एक समई अधिक पाच वाती बरोबर एक पेटवायला तयार समई. आता मला तीन समया लावायच्या आहेत तर तीन समया आणि पंधरा वाती. मी समईचे पाचचे सहा कोने करत नाही, समयांची संख्या वाढवतो. बॅलन्सिंगमध्ये नेमकं हेच आहे. फॉर्म्युल्याच्या आतला खालचा छोटा आकडा म्हणजे समईची घडण, त्याला हात लावायचा नाही, लावला तर पदार्थ बदलतो (पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं तसं). फक्त पुढचा मोठा आकडा बदलायचा. ही एक चूक सुधारली तर बॅलन्सिंगची निम्मी भीती जाते.

आता घरातलंच समीकरण घेऊ. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्युटेन असतात, आपण प्रोपेन धरू. त्याच्या एका रेणूत ३ कार्बन आणि ८ हायड्रोजन. जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. आधी कार्बन बघा, डावीकडे ३ म्हणून उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे रेणू ३. मग हायड्रोजन, डावीकडे ८, पाण्याच्या एका रेणूत २ म्हणून पाण्याचे ४ रेणू. आता उजवीकडचे ऑक्सिजन मोजा, ३ कार्बन डायऑक्साइडमध्ये ६ आणि ४ पाण्यात ४, झाले १०. ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा, म्हणून ५ रेणू. झालं. एक प्रोपेन, पाच ऑक्सिजन, तीन कार्बन डायऑक्साइड, चार पाणी. क्रम असाच ठेवा, आधी कार्बन, मग हायड्रोजन, एकटा असणारा ऑक्सिजन सगळ्यात शेवटी, कारण तो एकट्याने बदलला तर बाकी कुणाचा हिशोब मोडत नाही.

आणि गॅस जळून पाणी तयार होतं यावर विश्वास बसत नसेल तर स्वच्छ कोरड्या भांड्यात गार पाणी घेऊन गॅसवर ठेवा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात भांड्याच्या बाहेरच्या बाजूला बघा, दमट थेंब धरतात. आई म्हणते भांडं ओलं होतं, पण कोरडं पुसून ठेवलं तरी धरतात! ते जळणाऱ्या गॅसमधून आलेल्या वाफेचं पाणी आहे, भांडं तापलं की थेंब उडून जातात. मला हे जेव्हा पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चार वेळा भांडं पुसून पुसून करून बघितलं होतं.

मोल

आता मुख्य मुद्दा. समीकरण सांगतं की एका रेणूला पाच रेणू लागतात. पण रेणू दिसत नाहीत, मोजता येत नाहीत, आपल्या हातात असतो फक्त वजनकाटा. मग मोजायचे कसे?

हार्डवेअरच्या दुकानात जा. खिळे कोणी मोजून देत नाही, वजनावर देतात. एका खिळ्याचं वजन माहीत असेल तर एक किलोत किती आले हे न मोजता सांगता येतं. मोल म्हणजे हेच. डझन म्हणजे १२, शेकडा म्हणजे १००, तसा मोल म्हणजे एक ठरलेली संख्या, फक्त कण इतके बारीक आहेत की संख्या अवाढव्य घ्यावी लागते. ती आहे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण ६०२ कोटी कोटी कोटी, कोटीला कोटीने गुणा, परत कोटीने गुणा आणि मग ६०२ ने. २० मे २०१९ पासून ही संख्या व्याख्येनेच पक्की केलीये, ६.०२२१४०७६ आणि पुढे १० चा २३ वा घात. तिला ॲव्होगॅड्रोचा अंक म्हणतात, पण ॲव्होगॅड्रोने स्वतः ही संख्या काढलेली नाही, त्याने १८११ मध्ये एवढंच मांडलं की तापमान आणि दाब सारखा असेल तर सारख्या आकारमानाच्या वायूंमध्ये रेणूंची संख्या सारखीच असते. त्याचं नाव या संख्येला १९०९ मध्ये ज्याँ पेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलं.

एवढीच विचित्र संख्या का घेतली? कारण ती घेतली की हिशोब सुटसुटीत होतो. अणुवस्तुमान जेवढं, तेवढे ग्रॅम घेतले की बरोबर एक मोल. कार्बन १२, म्हणून १२ ग्रॅम कार्बन म्हणजे एक मोल. ऑक्सिजन अणू १६. सोडियम २३, क्लोरीन ३५.५ (हे अर्धं कुठून आलं तर क्लोरीनचे अणू दोन प्रकारचे असतात, ३५ आणि ३७ वजनाचे, साधारण तीनास एक, त्याची सरासरी). म्हणून मीठ २३ अधिक ३५.५ म्हणजे ५८.५ ग्रॅम झालं की एक मोल. पाणी १८ ग्रॅम म्हणजे एक मोल, एका मोठ्या चमच्यापेक्षा थोडंसं जास्त. साखर ३४२ ग्रॅम. खायचा सोडा ८४ ग्रॅम. स्वयंपाकघरात जाऊन खरंच वजन करून चार वाट्यांत हे ठेवा. ढीग वेगवेगळ्या उंचीचे दिसतील पण प्रत्येकात "एक मोल" आहे, शंभर लिंबांची पाटी आणि शंभर नारळांची पाटी सारखी दिसत नाही पण मोजणी शंभरच, तसं.

सूत्र एकच पाठ करा: मोल म्हणजे आपल्याकडचे ग्रॅम भागिले एका मोलचे ग्रॅम. ९ ग्रॅम पाणी म्हणजे ९ भागिले १८, अर्धा मोल. बस.

आता परत सिलिंडरकडे या. प्रोपेनचा एक मोल ४४ ग्रॅम, त्याला ऑक्सिजन पाच मोल म्हणजे १६० ग्रॅम. तयार झाला कार्बन डायऑक्साइड तीन मोल, १३२ ग्रॅम, आणि पाणी चार मोल, ७२ ग्रॅम. डावीकडे २०४, उजवीकडे २०४. वस्तुमान कुठे गेलं नाही आणि कुठून आलं नाही. ४४ ग्रॅम गॅस जाळायला त्याच्या साडेतीन पटीहून जास्त वजनाचा ऑक्सिजन लागतो, स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा असं का सांगतात ते या आकड्यात आहे.

आधी हिशोब, मग फुगा

हा भाग वाचून सोडू नका, कराच. लागणार काय: खायचा सोडा, पांढरं व्हिनेगर, एक लिटरची रिकामी बाटली, फुगे, दोरा, पट्टी, आणि शक्य असेल तर छोटा डिजिटल काटा. काटा नसेल तर छोटा चमचा सपाट भरून घेतला की साधारण चार ते पाच ग्रॅम सोडा येतो, चालेल. व्हिनेगर मोजायला औषधाच्या बाटलीवरचं माप वापरा.

समीकरण असं: ॲसिटिक ॲसिड एक आणि सोडा एक, यातून सोडियम ॲसिटेट एक, पाणी एक, कार्बन डायऑक्साइड एक. आधीच बॅलन्स्ड आहे. ४.२ ग्रॅम सोडा घ्या. ८४ ने भागा, ०.०५ मोल. म्हणजे ॲसिड पण ०.०५ मोल पाहिजे, ॲसिटिक ॲसिडचा मोल ६० ग्रॅमचा, म्हणून ३ ग्रॅम ॲसिड. व्हिनेगरच्या बाटलीवर टक्के छापलेले असतात ते बघा, ४ टक्के असेल तर १०० मिलीत ४ ग्रॅम, म्हणून ३ ग्रॅमसाठी ७५ मिली. वायू किती होईल? ०.०५ मोल. आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला कुठल्याही वायूचा एक मोल साधारण २४ ते २५ लिटर जागा घेतो (पुस्तकातले २२.४ लिटर हे शून्य अंश सेल्सिअसला, तेवढी थंडी आपल्या घरात नसते), म्हणजे जवळजवळ १.२ लिटर. एवढ्या वायूने गोल फुगलेल्या फुग्याचा घेर ४१ सेंटीमीटरच्या आसपास येतो. हे सगळं वहीत लिहा, तारीख घाला, आणि मगच प्रयोगाला हात घाला.

फुगा आधी तोंडाने एक-दोनदा फुगवून सैल करून घ्या. व्हिनेगर बाटलीत, सोडा कोरड्या फुग्यात, फुग्याचं तोंड बाटलीवर घट्ट चढवा आणि मग फुगा उभा करून सगळा सोडा आत पाडा. बाटलीला बूच कधीच लावायचं नाही, दाबाने उडतं आणि डोळ्याला लागतं. फेस बसला की बाटली हलवा, मग सगळ्यात रुंद जागी दोरा गुंडाळून घेर मोजा. हिशोबापेक्षा थोडा कमीच येईल कारण थोडा वायू त्या पाण्यातच विरघळतो आणि फुग्याच्या रबराचा ताण पण वायूला दाबून धरतो. फारच कमी आला तर फुग्याच्या तोंडाशी गळती बघा.

आता दुसरी फेरी. सोडा तेवढाच, ४.२ ग्रॅम, पण व्हिनेगर फक्त ३० मिली. आधी सांगा काय होईल. ३० मिलीत ॲसिड १.२ ग्रॅम, म्हणजे ०.०२ मोल. सोडा ०.०५ मोल. ॲसिड संपलं की खेळ थांबला, वायू ०.०२ मोल, अर्ध्या लिटरला थोडा कमी, घेर तिसाच्या आसपास. सोडा मात्र ०.०३ मोल उरतो, त्यातला बराचसा पाण्यात विरघळून जातो, थोडा बाटलीच्या तळाशी पांढरा दिसू शकतो. अकरावीला "लिमिटिंग रिएजंट" नावाचं जे प्रकरण मुलांना रडवतं ते एवढंच आहे, चार समया आणि सतराच वाती असतील तर तीनच समया लागणार, एक समई आणि दोन वाती उरणार. कोण आधी संपतं ते शोधायचं आणि पुढचा सगळा हिशोब त्याच्यावर करायचा. ग्रॅम बघून ठरवू नका, मोल काढून समीकरणातल्या आकड्यांशी ताडून ठरवा, ही चूक बारावीतली मुलं पण करतात.

माझ्याकडे एक मुलगी होती, नववीपासून मोल टाळत आलेली. तिने घेर मोजला, ३९ आला, वहीत ४१ लिहिलेला होता. ती काही बोलली नाही, परत एकदा दोरा गुंडाळून बघितला आणि मग विचारलं, "सर, सोडा दुप्पट केला तर घेर पण दुप्पट येईल का?" येणार नाही, कारण दुप्पट होतं आकारमान, घेर साधारण सव्वापट होतो, आणि त्यासाठी व्हिनेगर पण दुप्पट लागेल. पण तो प्रश्न तिने स्वतः विचारला होता.

हे जमलं तर पुढचं तुम्ही स्वतः करा. किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणा, ते सायट्रिक ॲसिड, एक मोल १९२ ग्रॅम, आणि त्याचा एक रेणू सोड्याच्या तीन रेणूंना पुरतो. ४.२ ग्रॅम सोड्याला किती लिंबूसत्त्व लागेल ते आधी काढा. हिशोब बरोबर असेल तर ३.२ ग्रॅमच्या आसपास येईल, बाजारातल्या स्फटिकात थोडं पाणी धरलेलं असतं त्यामुळे प्रत्यक्षात किंचित जास्त लागतं. दोन्ही कोरडे एकत्र करून बघा, काहीच होत नाही. मग चमचाभर पाणी घाला आणि बघा, आणि पाणी पडेपर्यंत ते शांत का होते याचा विचार दुसऱ्या दिवसापर्यंत करा, लगेच गूगल करू नका.